नाण्यात टांकसाळीची चूक की नंतरची मोडतोड? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गल्ल्यात एखादं विचित्र नाणं सापडलं की पहिला प्रश्न येतो, "याचे किती मिळतील?" त्याआधी दुसरा एक प्रश्न विचारायला हवा: टांकसाळीत हे घडलं कसं असेल? त्याचं सरळ उत्तर देता आलं नाही, तर ते नाणं बहुधा बाहेर पडल्यावरच बिघडलेलं असतं. खालचे प्रश्न मुख्यतः प्रजासत्ताक भारताच्या नाण्यांबद्दल आहेत, कारण लोकांच्या हातात येतात ती हीच.

एरर कॉइन नेमकं कशाला म्हणायचं?

आधी नाणं तयार कसं होतं ते पाहू. धातूच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. त्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुतात, आणि यंत्रातून फिरवून त्यांची कड थोडी उचलून घेतात. मग चकती प्रेसमध्ये दोन ठशांच्या मध्ये येते. तिच्याभोवती पोलादी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. दाब पडला की दोन्ही बाजूंची चित्रं एकदमच उमटतात आणि धातू कॉलरपर्यंत पसरून थांबतो. मग नाणं बाहेर पडतं, मोजलं जातं, पिशवीत जातं.

म्हणजे चूक व्हायला तीनच जागा आहेत: चकती, ठसा आणि दाब पडण्याचा तो क्षण. पिशवीचं तोंड बंद झाल्यानंतर जे काही घडलं ते नुकसान. मग ते ट्रकच्या चाकाखाली होवो, देव्हाऱ्यात होवो, की कुणी मुद्दाम पक्कडीत धरून केलेलं असो.

घरी तपासायला काय काय लागतं?

दहापट मोठं दाखवणारं भिंग, ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा, व्हर्निअर कॅलिपर आणि एक चुंबक. आणि या सगळ्यांपेक्षा उपयोगाचं म्हणजे त्याच किमतीचं, त्याच काळातलं एक धडधाकट नाणं. शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय निकाल देऊ नका.

काही वजनं लक्षात ठेवावीत. १९९२ पासूनचं तांबं-निकेलचं जाड पाच रुपयांचं नाणं ९ ग्रॅम, अकरा बाजूंचं दोन रुपयांचं ६ ग्रॅम, त्याच काळातला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅम, १९८८ पासूनचे स्टीलचे पन्नास पैसे ३.७९ ग्रॅम. २०११ च्या मालिकेतलं पिवळं पाच रुपयांचं ६ ग्रॅम आणि दोन धातूंचं दहा रुपयांचं ७.७१ ग्रॅम.

यात एक गंमत आहे. २०११ मध्ये रुपयाचं चिन्ह असलेली मालिका आली तेव्हा नाणी लहान झाली. नवा रुपया ३.७९ ग्रॅमचा झाला, म्हणजे जुन्या पन्नास पैशांइतका, आणि नवे दोन रुपये ४.८५ ग्रॅमचे, म्हणजे जुन्या रुपयाइतके. त्यामुळे "माझा रुपया पन्नास पैशांच्या चकतीवर छापला गेलाय" असं कुणी म्हणालं तर आधी साल पाहायचं. २०११ च्या मालिकेतला असेल तर त्याचं वजन तेवढंच असायला हवं.

झिजलेल्या नाण्याचं वजन थोडं कमी भरणारच. तेवढ्यावरून काही सिद्ध होत नाही.

माझ्या नाण्यावर एक रेघ आहे. तडा की ओरखडा?

रेघ उंच आहे की खोल, एवढंच पाहा. मोदकाच्या साच्याला चीर पडली तर मोदकावर ती चीर उंच रेघ होऊन उमटते. ठशाचंही तसंच आहे. पोलादी ठशाला तडा गेला की दाब पडताना त्या फटीत धातू शिरतो आणि नाण्यावर बारीक, थोडी वाकडीतिकडी उंच रेघ दिसते. बहुतेकदा ती कडेपासून सुरू होते किंवा एका अक्षरातून दुसऱ्यात जाते. ठशाचा तुकडाच उडाला असेल तर त्या जागी कडेला लागून धातूचा एक गुळगुळीत गोळा उमटतो आणि तिथली अक्षरं नाहीशी झालेली असतात.

ओरखडा मात्र खोल असतो. धातू खरवडून दोन्ही बाजूंना सरकलेला असतो, त्यामुळे भिंगातून पाहिलं तर खाचेच्या दोन्ही काठांना बारीक वरंबे दिसतात. उंच रेघ हवी म्हणून कुणी नाण्यावर डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, चिकटवलेला धातूही पाहायला मिळतो. त्याचा रंग वेगळा असतो आणि बुडाशी सांधा कळून येतो.

एखादं अक्षर किंवा सालाचा आकडा गायब आहे. ही चूक मानायची का?

बऱ्याचदा हो, पण किरकोळ. ठशाच्या खाचांमध्ये वंगण आणि धातूचा चुरा साचतो, आणि मग तेवढं अक्षर नाण्यावर पुसट येतं किंवा येतच नाही. अशा जागी नाण्याचा पृष्ठभाग आजूबाजूसारखाच असतो, तशीच चमक, तोच पोत. कानशीने घासून काढलेल्या अक्षराच्या जागी एका दिशेने जाणाऱ्या रेघा दिसतात आणि ती जागा किंचित खोलगट किंवा जास्तच सपाट असते. स्टीलच्या नाण्यावर अशी घासाघीस लपवणं अवघड, मऊ अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या नाण्यांवर सोपं. १९६० ते ८० च्या दशकांतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या एक, दोन, तीन, पाच पैशांबाबत म्हणून जास्त संशयी असावं.

नाण्यावर उलटी, आत दबलेली अक्षरं आहेत. ही लखी का?

ब्रॉकेजला आपल्याकडचे नाणीवाले लखी म्हणतात. दाबून तयार केलेला खोटा मालही याच प्रकारात सगळ्यात जास्त फिरतो, म्हणून जरा सावकाश पाहू.

खरी लखी अशी होते. छापलेलं एक नाणं बाहेर पडायच्या ऐवजी ठशाला चिकटून बसतं. पुढची कोरी चकती आत येते. तिच्या एका बाजूला नेहमीचा ठसा असतो, दुसऱ्या बाजूला ते अडकलेलं नाणं. दाब पडला की एक बाजू व्यवस्थित छापली जाते, आणि दुसऱ्या बाजूला अडकलेल्या नाण्याचं चित्र आरशातल्यासारखं उलटं आणि आत दबलेलं उमटतं.

आता विचार करा, अडकलेल्या नाण्याची कुठली बाजू नव्या चकतीकडे असेल? काट्याच्या ठशाला ते चिकटलं असेल तर त्याचा छापा चकतीकडे असणार. म्हणजे नव्या नाण्यावर एका बाजूला सरळ उंच छापा आणि दुसऱ्या बाजूला तोच छापा, उलटा आणि खोल. काटा कुठेच नाही. पूर्ण लखीत दोन्ही बाजूंना एकच चित्र असतं. हा नियम पाठ केला तरी निम्मी खोटी नाणी तिथल्या तिथे बाद होतात.

खोटी लखी कारखान्यातल्या शेगड्यात, म्हणजे बेंच व्हाइसमध्ये, होते. दोन नाणी एकमेकांवर ठेवून दाबतात. एकाची उंच अक्षरं दुसऱ्यात खोल उतरतात. पण ज्या नाण्यात ती उतरतात त्याचं मूळ चित्र तिथेच असतं, फक्त चेपलेलं. अशोकस्तंभाच्या सिंहावरून आडवं एखादं उलटं अक्षर गेलेलं दिसतं. शिवाय मागची बाजू शेगड्याच्या जबड्यामुळे सपाट झालेली असते, कधी जबड्याच्या दातांचे ठसेही असतात. खऱ्या लखीत दबलेल्या चित्राखाली दुसरं काहीच नसतं, कारण ती चकती आत आली तेव्हा कोरी होती.

अडकलेलं नाणं पुन्हा पुन्हा दाब खाऊन पसरत जातं. म्हणून सुरुवातीच्या लखीत उलटं चित्र रेखीव असतं, नंतरच्यांत मोठं आणि विस्कटलेलं. चित्र वाकडं दिसतं म्हणून नाणं खोटं ठरवू नका.

एक सोपी गफलतही होते. दोन ठसे मध्ये चकती नसताना एकमेकांवर आपटले तर एकाच्या चित्राची पुसट रेषा दुसऱ्यावर राहते आणि पुढच्या नाण्यांवर अंधूक सावलीसारखी दिसते. तीही टांकसाळीतलीच गोष्ट, पण लखी नव्हे.

चित्र एका बाजूला सरकलेलं आहे. खरं कसं ओळखू?

चकती कॉलरमध्ये नीट न बसता दाब पडला तर चित्र सरकतं, आणि ते दोन्ही बाजूंना सरकतं. उघडी राहिलेली चंद्रकोर कोरी, गुळगुळीत असते आणि नाणं पूर्ण गोल राहत नाही, कारण धातूला अडवायला कॉलर नव्हती. साल दिसत असेल तर संग्राहकांना असं नाणं जास्त आवडतं.

फक्त एकच बाजू सरकलेली आणि नाणं व्यवस्थित गोल असेल, तर एक ठसा वाकडा बसला होता. तेही खरंच, पण तितकंसं दुर्मिळ नाही.

इथे शिवराईचा विषय निघतोच. "माझ्या शिवराईवर 'श्री राजा शिव' अर्धंच आलंय, छत्रपती पूर्ण नाही, म्हणजे एरर का?" नाही. ही तांब्याची नाणी हातोड्याने पाडलेली. ठसा चकतीपेक्षा मोठा, चकत्या वेड्यावाकड्या, कॉलर वगैरे काही नाही. त्यामुळे पूर्ण मजकूर आलेली शिवराईच विरळा. यंत्राच्या नाण्याची मापं तिला लावू नयेत.

कडेचा तुकडाच नाही. कापलाय की तसाच आला?

पट्टीतून चकत्या कापताना पट्टी पुरेशी पुढे सरकली नाही, तर आधीच्या भोकावर पुन्हा पंच पडतो आणि चकतीला अर्धवर्तुळाकार चावा बसतो. तशी चकती पुढे छापली जाते. खुणा दोन. पहिली, चाव्याजवळची अक्षरं ताणल्यासारखी होऊन विरत जातात, कारण दाब पडताना धातू त्या मोकळ्या जागेकडे वाहिला. दुसरी जास्त खात्रीची: चाव्याच्या बरोबर समोरच्या बाजूची कड दबलेली किंवा पुसट असते. कड उचलणाऱ्या यंत्रात एका बाजूला धातूच नव्हता, म्हणून समोर जोर लागला नाही. ही खूण प्रत्येक खऱ्या नाण्यावर ठसठशीत नसते, पण असली तर प्रश्न मिटला.

नंतर कापलेल्या नाण्यात अक्षरं सुरीने कापल्यासारखी अर्धी होतात, कापाची धार तीक्ष्ण असते आणि समोरची कड ठणठणीत. स्टील ग्राइंडरवर धरलेलं असेल तर काठाला निळसर-पिवळी झाकही दिसते.

दहा रुपयांच्या नाण्याचा मधला भाग फिरलेला किंवा उलटा बसलाय. लाखमोलाचा ना?

नाही. हे नाणं म्हणजे बाहेर पिवळ्या धातूचं कडं आणि आत पांढऱ्या धातूची चकती. दोन्ही आधी छापून मग जोडत नाहीत. कोरी चकती कोऱ्या कड्यात ठेवतात आणि दोन्हींवर एकाच दाबात चित्र उमटतं, त्याच दाबाने ती एकमेकांत अडकतात. एकाच ठशातून निघालेले दोन भाग एकमेकांशी वाकडे असणार कसे? चकती फिरलेली असेल किंवा छाप्याच्या मध्ये काटा आला असेल, तर कुणीतरी ती ठोकून बाहेर काढली आणि परत बसवली. सांध्यावर ठोकल्याच्या खुणा शोधा, नक्की सापडतात.

दोन धातूंच्या नाण्यांत खऱ्या चुका होतात त्या वेगळ्या. कड्याचं भोकच मध्यावर नसतं, पण चित्र मात्र दोन्ही धातूंवरून सलग गेलेलं असतं. किंवा चकती न बसवताच कडं प्रेसखाली जातं. तेव्हा भोकाच्या काठाचा धातू आत ओघळल्यासारखा होतो आणि भोक पूर्ण गोल राहत नाही. ठोकून रिकाम्या केलेल्या कड्याचं भोक आतून नीट गोल असतं, चकती जिथे अडकली होती तिची खूण शाबूत असते. व्हिडिओंमध्ये "दुर्मिळ पोकळ नाणं" म्हणून जे दाखवतात ते बहुतेक हेच.

अक्षरं दोनदा छापल्यासारखी दिसतात.

अक्षराच्या शेजारी पायरीसारखा सपाट थर दिसत असेल आणि मूळ अक्षर त्यामुळे बारीक झालं असेल, तर तो सैल ठशाचा धक्का. घडलं टांकसाळीतच, पण किंमत शून्याच्या आसपास. दोन्ही अक्षरं पूर्ण उंच, गोलसर आणि मध्ये खाच असलेली दिसली तर ठसाच दुहेरी कोरला गेला असू शकतो. पूर्ण चित्र दोनदा, वेगवेगळ्या कोनांत असेल तर एकाच नाण्यावर दोनदा दाब पडला. ते मात्र जाणकाराला दाखवाच.

दोन्ही बाजूंना छापा आहे!

जादूगाराचं नाणं. एका नाण्याची एक बाजू कोरून तिच्यात दुसऱ्याची पातळ केलेली बाजू बसवलेली असते. कडेच्या आतल्या बाजूने सांधा गोल फिरतो, भिंगाने दिसतो. काट्यावर वजनही बहुधा चुकतं. नाणेफेकीला उपयोगी पडेल, संग्रहाला नाही.

एक बाजू फिरलेली आहे, हे कसं तपासायचं?

नाणं वरच्या आणि खालच्या टोकाला चिमटीत धरा आणि आडवं फिरवा. आपल्या हल्लीच्या नाण्यांत मागची बाजूही सरळच दिसायला हवी. थोडीशी कललेली असणं नेहमीचंच. पाव किंवा अर्धी फेरी फिरलेली असेल तर ठसा सुटून फिरला होता. ही चूक नंतर तयार करता येत नाही, जादूगाराच्या पद्धतीने दोन नाणी जोडल्याशिवाय. म्हणून सांधा नसला की निर्धास्त.

रंग वेगळा आहे. चुकीच्या धातूवर छापलं गेलं का?

फार क्वचित. पिवळं पाच रुपयांचं नाणं मातीत किंवा आम्लात राहिलं की वरच्या थरातलं जस्त निघून जातं आणि ते तांबूस होतं. स्टीलचं नाणं तापलं की सोनेरी, मग जांभळं-निळं होतं. होळीत, होमात, घराला लागलेल्या आगीत असं होऊ शकतं. मुलामा दिलेली तर ढिगाने फिरतात. वजन आणि चुंबक यांनी निकाल लागतो. स्टील चुंबकाला चिकटतं, पितळी पाच रुपये किंवा तांबं-निकेलची जुनी नाणी चिकटत नाहीत.

आणि एक, २००७ च्या सुमारास पाच रुपयांची नाणी खरोखरच स्टीलची होती. ती पांढरी असतात, चुंबकाला चिकटतात. त्यात चूक काही नाही.

नाणं नेहमीपेक्षा पातळ किंवा रुंद आहे.

कॉलर नसताना छापलेलं नाणं रुंद होतं, कडेवरच्या खाचा नसतात, पण मधलं चित्र पूर्ण आणि रेखीव असतं, वजनही बरोबर भरतं. हातोडीने ठोकून रुंद केलेल्यात चित्रच चपटं होतं. मुंबईच्या लोकलच्या रुळांजवळ वाढलेल्यांना तिसरा प्रकार सांगायला नको. चाकाखाली गेलेलं नाणं लांबट, धार लागलेलं आणि चित्राचं नुसतं भूत उरलेलं असतं. (लहान मुलं हे वाचत असतील तर, रुळांवर जायचं नाही.)

आम्लात बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं. वजन कमी, व्यास कमी, अक्षरं विरघळल्यासारखी, पृष्ठभाग खरखरीत. चकतीच पातळ आली असेल तर व्यास बरोबर असतो, कमी असते ती फक्त जाडी. गोदावरीतून किंवा चंद्रभागेतून काढलेली नाणी आम्लात टाकल्यासारखीच दिसतात, वर्षानुवर्षं वाळूने घासलेली.

भोक असलेलं नाणं?

१९४३ ते १९४७ मधला ब्रिटिश हिंदुस्तानचा भोकाचा पैसा मुळातच तसा आहे. युद्धकाळात धातू वाचवायला केलेला. बाकी भोकं बहुतेक माळेत ओवण्यासाठी पाडलेली. व्हिक्टोरिया राणीच्या किंवा पंचम जॉर्जच्या रुपयावर वरच्या कडेला धातूचा थेंब दिसला तर तो टांकसाळीचा नव्हे, सोनाराने लावलेल्या कडीचा डाग आहे. लमाणी बायकांच्या दागिन्यांतून सुटलेल्या रुपयांवर तो हमखास असतो.

सालाखाली ठिपका, चांदणी किंवा चौकट आहे.

टांकसाळीची खूण. चौकट मुंबईची, चांदणी हैदराबादची, ठिपका नोएडाचा, कोलकात्याची खूणच नाही. १९८५ चा रुपया काही प्रमाणात ब्रिटनमध्येही पाडला गेला, त्याच्या खुणा वेगळ्या आहेत. तसंच दहा रुपयांच्या नाण्यावर दहा रेषा खऱ्या की पंधरा, या अफवेला रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये उत्तर दिलं: तोपर्यंतच्या चौदाही डिझाइनची नाणी चालतात.

चिंचेने किंवा लिंबाने घासून घेऊ का?

नको. भांड्यांच्या पावडरीनेही नको. साबणाचं कोमट पाणी, मऊ कापडाने टिपणं, एवढंच. घासलेल्या नाण्यावरचा मूळ पोत जातो, आणि वर सांगितलेल्या निम्म्या खुणा तोच पोत पाहून कळतात.

व्हिडिओत तर अशा नाण्याला पाच लाख सांगतात.

सांगणाऱ्याने ते कुणाला, कधी विकलं ते विचारा. मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत यांत महदंतर असतं. वैष्णोदेवीच्या २०१२ च्या नाण्यांबद्दल हेच चालतं, आणि ती तर एररही नाहीत. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेने जाहीर इशारा दिला होता की तिचं नाव आणि चिन्ह वापरून जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारासाठी शुल्क, कमिशन, कर मागितले जातात आणि बँकेचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. नाणं विकणाऱ्याने आधी पैसे भरायचे, असा कुठलाच खरा व्यवहार नसतो.

नाणी तोडून-दाबून एरर बनवणाऱ्यांसाठी एक माहिती: नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं २०११ च्या नाणे कायद्याने मनाई आहे, आणि बनावट एरर खरं म्हणून विकणं ही सरळ फसवणूक.

जाणकाराला दाखवायचं असेल तर काय पाठवू?

दोन्ही बाजूंचे सरळ वरून काढलेले फोटो, कडेचा एक, तिरक्या उजेडातला एक. उंच-खोल तिरक्या उजेडातच कळतं, फ्लॅशमध्ये नाही. सोबत वजन, व्यास, चुंबकाला चिकटतं की नाही, आणि शेजारी त्याच प्रकारचं चांगलं नाणं ठेवून काढलेला फोटो. नाणं कुठे मिळालं हेही लिहा, पण त्यावरून निकाल लागत नाही. "आजोबांच्या पेटीतून निघालं" ही गोष्ट खऱ्या आणि खोट्या दोन्ही नाण्यांबरोबर येते.

डोळा तयार करायचा असेल तर आधी चांगली नाणी भरपूर पाहा. मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं संग्रहालय आहे. नाशिकजवळ अंजनेरीला नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. मोठ्या शहरांत नाण्यांची प्रदर्शनं भरतात, तिथे टेबलांवर एरर नाणी हातात घेऊन पाहता येतात. विक्रेत्याला विचारून, कडेने धरून.